पाण्याची पाळी

१

जमीन घ्यायची असेल तर पहिल्यांदा मालकाला भेटू नये, असं जगन्नाथराव चुरी सांगत. पहिल्यांदा शेजाऱ्याला भेटावं. मालक गुण सांगतो, शेजारी अवगुण सांगतो, आणि आपण विकत घेतो ती या दोघांच्या मधली जमीन असते.

तीस वर्षं त्यांनी सरकारी मोजणी खात्यात साखळी ओढली होती. निवृत्त झाल्यावर ते वसईत, होळी नावाच्या भागात, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर मुंबईची माणसं येऊन बसत. लढाई संपून चार वर्षं झाली होती आणि वसईकडे आपली एखादी जागा असावी, असं गिरगाव-दादरच्या पुष्कळांना वाटू लागलं होतं.

"तुमच्या नावावर कुठे शेत आहे का?" ते पहिल्यांदा विचारत. "नाही? मग वाडी विसरा, घराची जागा बघा. नवा कायदा आलाय."

"आणि असलं शेत तर? चांगली वाडी ओळखायची कशी?"

"श्रावणात बघू नका. श्रावणात दगडसुद्धा हिरवा दिसतो. एप्रिलात या, विहिरीत वाकून बघा."

"हद्दीचं काय?"

"हद्द कागदावर एक, कुंपणात दुसरी आणि शेजाऱ्याच्या तोंडात तिसरी. तिन्ही जुळल्या तर पेढे वाटा."

"अजून कुणी वाटले नाहीत, तेही सांगा ना अण्णा," असं म्हणत सरला चहा घेऊन बाहेर येई. ती त्यांची एकुलती एक मुलगी. आगाशीच्या शाळेत मास्तरीण होती. पाहुणे हसत. जगन्नाथराव मात्र शेवटच्या प्रश्नावर आले की हसत नसत.

शेवटचा प्रश्न म्हणजे ताबा कुणाचा. कागदावर नाव कुणाचंही असो, जागेत प्रत्यक्ष कोण वावरतं? एखादं कूळ लपून राहिलेलं असलं तर नव्या कायद्याने ते जन्मभर हलायचं नाही. आणि ते आहे की नाही हे मालक कधीच सांगत नाही. यावर त्यांची एक रीत होती. इकडच्या वाड्यांच्या विहिरी बहुधा सामाईक असतात, पाण्याचे दिवस ठरलेले असतात. खरेदीखताच्या आधी त्या जमिनीची एक पाळी स्वतः चालवावी. रहाट लावावा, वाफ्यांत पाणी सोडावं. कूळ असेल तर पाव तासात धावत येतं आणि भांडायला उभं राहतं.

"माणूस सगळं सोसतो," ते म्हणत, "पण त्याच्या पाण्याला हात लावला की लपून राहत नाही."

२

नंदाखाल गावातली तुस्कानोंची वाडी त्यांनी स्वतःसाठी पाहिली.

त्यांची पत्नी शांताबाई जाऊन दोन वर्षं होत आली होती. सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत झाला. मालकीण पाणी भरून होईपर्यंत विहिरीवर हंडा घेऊन थांबायचं, हे त्या अठ्ठावीस वर्षं करत आल्या. शेवटच्या आजारात एकदाच म्हणाल्या, "मला नाही मिळालं तर नाही. पोरीला तरी तिच्या विहिरीचं पाणी मिळू दे." नंतर तो विषय त्यांनी काढला नाही. जगन्नाथरावांनीही काढला नाही; पण तेव्हापासून दुसऱ्याला जमीन दाखवताना त्यांची नजर आधी विहिरीकडे जाई. आपण गेल्यावर सरला कुणाच्या तरी विहिरीवर हंडा घेऊन उभी आहे, हे चित्र त्यांना सोसत नसे. वडिलोपार्जित भाताचा एक तुकडा त्यांच्या नावावर होता, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती.

वाडी विकणारा आग्नेल तुस्कानो वांद्र्याला राहत असे. चुलत्यांची जागा त्याच्याकडे आली होती. तो ओट्याच्या पायरीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"आठ वर्षं बंद आहे," तो म्हणाला. "तुम्ही बघा निवांत. मी इथे उभा आहे."

"आत येत नाही?"

"मला धुळीचा त्रास होतो."

घर चांगलं होतं. कौलं शाबूत, भिंती सरळ, मागच्या दाराशी तुळई भक्कम. आत धूळ बोटभर आणि तिच्यावर उंदरांशिवाय कुणाचा माग नव्हता. जगन्नाथरावांनी मनातल्या यादीवर एकेक खूण केली आणि मागल्या दाराने केळीत उतरले.

केळी आडव्यातिडव्या वाढल्या होत्या. वाळलेली पानं कुणी कापली नव्हती. घड झाडावरच पिकून वटवाघळांनी खाल्ले होते. आठ वर्षं हात न लागलेली वाडी अशीच दिसायची. ते वाकले आणि त्यांनी वाफ्यातली माती चिमटीत घेतली.

एप्रिल महिना होता. माती ओली होती.

त्यांनी दुसरा वाफा पाहिला, तिसरा पाहिला. पाट स्वच्छ होता, काठावर गवत नव्हतं. कुणीतरी नेमाने पाणी देत होतं. पण घड नेत नव्हतं. असलं कूळ त्यांनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

विहीर कुंपणाच्या रेषेवर होती, दोन्ही बाजूंना एकेक रहाट. पलीकडची वाडी आल्बिनाबायची. ती साठीची बाई ओट्यावर भाजी निवडत बसली होती. जगन्नाथरावांनी कुंपणापलीकडून विचारलं, "बाय, पाण्याचे दिवस कसे?"

"मंगळ-शुक्र त्यांचे. रविवारी देवळात मिस्सा, रहाट बंद. बाकीचे माझे."

"आठ वर्षं इथे कुणी नाही म्हणतात. मग मंगळ-शुक्रचं पाणी तुम्ही घेत असाल."

"नाय."

"का?"

"त्यांचा दिवस आहे."

"पण घेतो कोण?"

आल्बिनाबायने पाटीतली भाजी उचलली. "तुम्ही वाडी घेताय, की चौकशी करताय?" असं म्हणून ती आत गेली.

जगन्नाथरावांना बरं वाटलं. आता ही ओळखीची गोष्ट झाली. कूळ होतं, शेजारणीला ठाऊक होतं, मालकाला ठाऊक होतं, आणि भाव कमी का, तेही कळलं होतं.

३

गुड फ्रायडेच्या आधीच्या मंगळवारी त्यांनी पाळी चालवायचं ठरवलं. धर्मा नावाचा माणूस आल्बिनाबायच्या वाडीत रेडा जुंपत असे. त्यालाच त्यांनी भाडं ठरवून सांगितलं.

"मंगळवारी?" धर्मा मान खाजवत म्हणाला. "आल्बिनाबायला इचारलं का?"

"पाळी तुस्कानोंची आहे. तिला कशाला विचारायचं? दहा वाजता रेडा लाव. मी वाफ्यात असेन. ओरडलो की थांबव."

हे काम दोघांचं. एकाने रहाटावर रेडा फिरवायचा, दुसऱ्याने फावडं घेऊन वाफ्यांत पाणी वळवायचं. मधे केळीची दाटी, एकमेकांना माणूस दिसत नाही. एक वाफा भरला की "बस" म्हणून ओरडायचं, पाट वळवला की "चालव" म्हणायचं. बाकी बोलायची गरज नसते.

दहाच्या सुमाराला ते मागल्या गल्लीने वाडीत शिरले तेव्हा रहाट फिरू लागलाच होता. लाकडाचं लांबलचक करकरणं, मग खुंटीचा टक असा आवाज, पुन्हा करकर. धर्मा कधी नव्हे तो वेळेवर आलाय, असं त्यांच्या मनात आलं. पाटातून पाण्याची जीभ पालापाचोळा ढकलत आली आणि त्यांच्या पायाशी पोचली.

पहिला वाफा भरला. "बस!"

खुंटी टक करून थांबली. त्यांनी वाफ्याचं तोंड मातीने बुजवलं, दुसऱ्याचं उघडलं. "चालव!"

रहाट फिरू लागला.

तासभर असंच चाललं. कुणी धावत आलं नाही, कुणी शिवी दिली नाही. मधूनमधून ते कान देऊन गल्लीकडे बघत. पण हळूहळू तेही विसरले. काम इतकं जुळून चाललं होतं की शेवटी शेवटी त्यांना ओरडावंही लागत नव्हतं. वाफा काठोकाठ आला की रहाट आपणहून थांबे. त्यांच्या घरात दोन वर्षं कुणी असं न सांगता ओळखत नव्हतं. पूर्वी ते लिहीत बसले की दौतीतली शाई संपायच्या आत शांताबाई दुसरी दौत आणून ठेवत. घाम पुसताना आपण हसतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं.

शेवटचा वाफा भरला. "बस झालं! सोड आता!"

"हो," असा आवाज आला. दमलेला, घोगरा, पुरुषाचा.

फावडं खांद्यावर टाकून ते पुढच्या फाटकाने बाहेर पडले. ताब्याचा प्रश्न सुटला होता. कूळ नव्हतं. वाडी घ्यायची.

फाटकाबाहेर, गल्लीच्या वळणावर, धर्मा रेड्याला ओढत येत होता. रेड्याच्या पोटापर्यंत ओला चिखल होता.

"मालक, रागवू नका," तो लांबूनच म्हणाला. "हा गाळात जाऊन बसला व्हता. निघंना. आता जुपू का? पानी अजून व्हईल."

४

जगन्नाथरावांनी खांद्यावरचं फावडं खाली ठेवलं. ते वळून विहिरीवर गेले. धर्मा फाटकाशीच थांबला.

रहाटाचे लोटे अजून गळत होते. थेंब खोल पाण्यात पडत होते आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा येत होता. जुवाचं आडवं लाकूड त्यांनी हाताने चाचपलं. पकडायच्या जागी ते गुळगुळीत झालं होतं आणि ओलं होतं. पाण्याने नव्हे, घामाने असावं तसं कोमट.

विहिरीभोवती रेड्याच्या फेऱ्यांचं वर्तुळ असतं. तिथे खुरांचे ठसे हवेत, शेण हवं. इथे तसलं काही नव्हतं. अनवाणी माणसाच्या पावलांचे ठसे होते, एकावर एक, एकाच मापाचे, इतके खोल की वर्तुळाची वाट पन्हळीसारखी खाली गेली होती. ते सगळे त्या वाटेनेच गोल फिरत होते. वर्तुळातून बाहेर पडणारा एकही नव्हता.

त्यांनी सवयीप्रमाणे पावलाचं माप घेतलं. मग आपला पाय शेजारी ठेवावा असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी तो ठेवला नाही.

"धर्मा," त्यांनी हाक मारली, "मंगळ-शुक्र इथे कोण असतं रे?"

"मी कधी आत येत न्हाय, मालक," धर्मा फाटकाच्या बाहेरून म्हणाला. "आवाज आला की मी पल्याड तोंड करून बसतो. आज तुमी बोलावलं म्हनून आलो. भाडं नको मला."

५

विचार करता सगळ्याचा उलगडा होत होता. माणूस धडधाकट असेल तर रहाट हाताने ओढू शकतो. आग्नेलनेच एखादा माणूस ठेवला असेल. पाळी चालू ठेवली नाही तर हक्क जातो, आणि हक्क गेलेल्या वाडीला गिऱ्हाईक मिळत नाही. तो माणूस गिऱ्हाइकाला बघून गप्प राहिला, हेही बरोबर. जगन्नाथरावांनी हा उलगडा मंगळवारी रात्री जेवताना केला आणि बुधवारी आंघोळ करताना पुन्हा केला. त्यात एकच खोट होती. वाफा भरल्याचं केळीपलीकडच्या माणसाला न ओरडता कळलं कसं?

गुरुवारी संध्याकाळी सरला त्यांचे प्रश्न नव्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवत बसली होती. मुंबईकरांना देण्यासाठी तिने ते काम अंगावर घेतलं होतं.

"अण्णा, शेवटचा प्रश्न विचारलात ना तुस्कानोंच्या वाडीला?"

"विचारला."

"मग? कोण आलं भांडायला?"

"कुणी नाही आलं."

"म्हणजे घ्यायची!" तिने टाक खाली ठेवला. "मला खरं सांगा, तुम्हालाच भीती वाटते. सगळ्या जगाला जमिनी दिल्यात आणि स्वतःची घ्यायची वेळ आली तर माती चाखत बसलाय."

ते हसले.

"उद्या गुड फ्रायडे, मला सुट्टी आहे," ती म्हणाली. "उद्या त्यांचीच पाळी. मी वाफ्यांत उभी राहते, तुम्ही रहाटाकडे बघा. मला एकदा हाताने पाणी सोडून बघायचंय. आई असती तर आली असती."

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि पुराव्याशिवाय शंका बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी मान हलवली.

सकाळी ती उठायच्या आत ते सायकल घेऊन निघाले. आग्नेल गुड फ्रायडेच्या प्रार्थनेसाठी आल्बिनाबायकडे येणार होता. त्याला गाठायचं, वाडी नको म्हणून सांगायचं आणि दहाच्या आत परत यायचं. आपण आल्याशिवाय सरला निघणार नाही, असं त्यांनी धरून चाललं होतं. इतरांना ते सांगत, जमिनीच्या बाबतीत काहीही धरून चालू नका.

६

आल्बिनाबायच्या घराला कडी होती. वाटेवरचा एक म्हातारा म्हणाला, "सगळी देवळात. तिनाच्या आत कोण मिळायचं नाय."

आग्नेलला गाठल्याशिवाय परतायचं नाही म्हणून जगन्नाथराव ओट्यावर बसले. दहाचे बारा झाले, बाराचे दोन. त्या दिवशी नंदाखालात देवळाची घंटाही वाजत नाही. चुली थंड, कोंबड्या सावलीत गप्प, वाडीत कुणाच्या हातात फावडं नाही. नारळाची झावळी हलली तरी ऐकू येत होती. त्यांना क्षणभर डुलकी लागली असावी.

रहाटाच्या आवाजाने ते जागे झाले.

करकर, टक. करकर, टक. कुंपणापलीकडून, केळीमागून. ते उठले नाहीत. उठून बघायचं असतं तर मंगळवारीच दुसऱ्यांदा बघितलं असतं. त्यांनी घड्याळ काढलं, तीनला पाच कमी होते. आवाज केव्हापासून येतो आहे हे त्यांना सांगता आलं नसतं.

काळे कपडे घातलेली माणसं वाटेने परतू लागली. आग्नेल आणि आल्बिनाबाय अंगणात आली आणि दोघं एकदम थांबली. आल्बिनाबायने कपाळाला, छातीला बोटं लावली.

"आग्नेल," जगन्नाथराव उठून म्हणाले, "माणूस ठेवला असशील तर आत्ता सांग. मी कुणाला बोलणार नाही. पण मला ही वाडी नको."

"मी कुणाला ठेवलं नाही, चुरीसाहेब." आग्नेलचा चेहरा पांढरा पडला होता. "शपथेवर सांगतो."

"मग कोण आहे तो?"

आग्नेलने आल्बिनाबायकडे पाहिलं. ती कुंपणाकडे बघत होती.

"याचा चुलता बेसिल आणि त्याची बायको इझाबेल, दोघंच पाणी फिरवायची," ती सावकाश म्हणाली. "ती वाफ्यात, तो रहाटावर. आधी ती गेली."

"मग?"

"मग काय. तिनं 'बस' म्हटल्याशिवाय थांबायची त्याला सवयच नव्हती."

रहाट फिरत होता. जगन्नाथरावांना आपण मंगळवारी कुठे उभे होतो, काय ओरडलो, आणि ओरडताना किती बरं वाटलं, ते सगळं आठवलं.

"पण आजच्या दिवशी तो कधी वाजत नाय," आल्बिनाबाय म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "आठ वर्षांत एकदा नाय. आजचा दिवस पाळतो तो. आज वाजतोय म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"वाफ्यात कोण उभं हाय?"

जगन्नाथराव कुंपणापाशी धावले. काटेरी फांद्या हातांनी बाजूला सारताना त्यांना केळीच्या पानांमधून निळ्या पातळाचा एक तुकडा दिसला, खोचलेला पदर, हातातलं फावडं. बसची तिकिटं सरला नेहमी बांगडीत खोचायची. तिच्या हातातल्या बांगडीत एक कागदी तुकडा उन्हात चमकला.

"बस, अण्णा!" ती हसत ओरडली. रहाटाच्या दिशेने, त्यांच्याकडे पाठ करून. "भरला हा वाफा! दमलात का?"

खुंटी टक करून थांबली. सगळी वाडी निःशब्द झाली.

जगन्नाथरावांनी तिला हाक मारायला श्वास घेतला. पण त्याआधीच विहिरीकडून, लोट्यांच्या गळणाऱ्या थेंबांमधून, उत्तर आलं. मंगळवारचा घोगरा आवाज नव्हता तो.

"नाही गं पोरी," तो आवाज म्हणाला. "तू सांगशील तोवर चालवतो."

तिला 'पोरी' म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं. जगन्नाथरावांनी हात उचलून आपल्या तोंडावर ठेवला. ओठ मिटलेले होते.

केळीपलीकडे सरलाने पाट वळवला.

"चालवा, अण्णा," ती म्हणाली.